एडा लव्हलेस आणि चक्रातलं चक्र



इंग्लंडच्या शाळांमध्ये सप्टेंबर २०१४ पासून अगदी पाच वर्षांच्या मुलांनाही कॉम्प्युटिंग शिकवायला सुरुवात झाली. तेव्हापासून आपल्या बऱ्याच घरांत संध्याकाळी गृहपाठाच्या वेळी लूप हा शब्द कानावर पडू लागला. साधा लूप मुलांना पटकन कळतो. एकच काम दहा वेळा करायचं, की झालं. गाडी अडते ती लूपच्या आत दुसरा लूप आला की. आई-बाबा दोघंही आयटीत असले तरी हे समजावून सांगताना त्यांची दमछाक होते. म्हणून या वेळी ओळख करून घेऊ या अशा एका स्त्रीची, जिने विजेवर चालणारा कॉम्प्युटर येण्याच्या शंभर वर्षं आधी ही आतल्या-बाहेरच्या फेऱ्यांची कल्पना कागदावर व्यवस्थित मांडली होती. तिचं नाव एडा लव्हलेस.

आधी लूपमधला लूप म्हणजे काय, ते घरच्याच उदाहरणाने पाहू. लहानपणी म्हटलेले पाढे आठवा. बे एके बे, बे दुणे चार, असं करत बे दाहे वीस. मग तीन एके तीन, तीन दुणे सहा. इथे एकाच वेळी दोन मोजण्या चालू असतात. एक मोजणी पाढ्याची: दोन, तीन, चार. दुसरी एके, दुणे, त्रिकची: एक ते दहा. बाहेरची मोजणी एका घराने पुढे सरकण्याआधी आतली मोजणी एकपासून दहापर्यंत पूर्ण व्हावी लागते, आणि पाढा बदलला की आतली मोजणी पुन्हा एकवर येते. दोन ते दहा हे नऊ पाढे, प्रत्येकात दहा ओळी, म्हणजे एकूण नव्वद ओळी. मुलं चुकतात ती नेमकी इथेच. दोन्ही मोजण्या हातात हात घालून पुढे जातात असं त्यांना वाटतं, नाहीतर नव्या फेरीत आतली मोजणी परत सुरुवातीला आणायची राहून जाते.

दुसरं उदाहरण ठिपक्यांच्या रांगोळीचं. पहिल्या ओळीत सात ठिपके, दुसरीत सहा, तिसरीत पाच, असं करत शेवटी एक. इथे ठिपके काढणं ही आतली फेरी आणि ओळी बदलणं ही बाहेरची. पण आतली फेरी दर वेळी सारखी नाही. ती किती वेळा करायची, हे आपण कितव्या ओळीवर आहोत यावर ठरतं. सातपासून एकपर्यंत ठिपके मोजले तर अठ्ठावीस होतात. ही रांगोळी लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला दोनदा लागणार आहे.

आता एडाकडे वळू.

एडाचा जन्म लंडनमध्ये १० डिसेंबर १८१५ रोजी झाला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन, आई ॲनाबेला मिलबँक. आई-वडिलांचा संसार वर्षभरच टिकला. एडा जेमतेम महिन्याची असताना, जानेवारी १८१६ मध्ये, आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. एप्रिलमध्ये बायरनने इंग्लंड सोडलं ते कायमचं. १८२४ साली ग्रीसमध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा एडा आठ वर्षांची होती. वडिलांना ओळखण्याची संधी तिला कधीच मिळाली नाही.

आईला स्वतःला गणिताची आवड होती. बापाचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये या धास्तीने तिने एडाला लहानपणापासून गणित आणि शास्त्र शिकवायला शिक्षक ठेवले. त्या काळी मोठ्या घरच्या मुलींना पियानो, फ्रेंच आणि भरतकाम आलं की शिक्षण पुरं समजत. विद्यापीठाची दारं तर मुलींना बंदच होती. एडाचं डोकं मात्र आईने आखलेल्या चाकोरीत राहणारं नव्हतं. बारा वर्षांची असताना तिने उडणारं यंत्र बनवायचा घाट घातला आणि पक्ष्यांच्या पंखांचा बारकाईने अभ्यास सुरू केला. पुढच्याच वर्षी गोवराच्या आजाराने ती अंथरुणाला खिळली. तिला पुन्हा चालता यायला दोन-तीन वर्षं लागली आणि सुरुवातीला कुबड्याही घ्याव्या लागल्या. त्या काळातही तिचा अभ्यास चालू राहिला.

जून १८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज तेव्हा चाळिशी ओलांडलेले, नावाजलेले गणिती होते. गणिताचे तक्ते चुका न करता तयार करणारं डिफरन्स इंजिन नावाचं यंत्र बांधायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. त्याचा एक भाग त्यांनी घरी मांडून ठेवला होता आणि लंडनची प्रतिष्ठित मंडळी तो बघायला येत. बहुतेकांना ती दातेरी चाकांची गंमत वाटे. एडाला त्यात गणित दिसलं. त्या भेटीपासून दोघांची जी मैत्री जुळली, ती तिच्या मृत्यूपर्यंत टिकली. मेरी सॉमरव्हिल या थोर विदुषीचाही एडाला मोठा आधार होता. १८३४ साली आईबरोबर ती इंग्लंडमधले कारखाने बघून आली. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचं युग तिने असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

जुलै १८३५ मध्ये तिचं विल्यम किंग यांच्याशी लग्न झालं. १८३८ साली त्यांना अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली आणि एडा काउंटेस ऑफ लव्हलेस झाली. १८३६, १८३७ आणि १८३९ साली तीन मुलं झाली. घर, नोकरचाकर, मुलं, प्रकृतीच्या तक्रारी या सगळ्यांत तिचं गणित काही वर्षं मागे पडलं. पण १८४० मध्ये तिने ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पत्रांतून पुन्हा शिकायला सुरुवात केली. तर्कशास्त्रात ज्यांचे नियम आजही शिकवतात तेच हे डी मॉर्गन, आणि त्यांचा जन्म आपल्या मदुराईचा. ते एडाच्या बुद्धीचं कौतुक करत. तरीही १८४४ साली त्यांनी तिच्या आईला पत्र लिहून काळजी व्यक्त केली की इतक्या खोल गणिताचा ताण स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही. तिची पात्रता जाणणाऱ्या गुरूचंच हे मत, मग बाकीच्यांचं काय असेल!

मधल्या काळात बॅबेज यांच्या डोक्यात आणखी मोठं यंत्र आलं होतं, ॲनालिटिकल इंजिन. १८३४ पासून ते त्याचे आराखडे काढत होते. आधीचं यंत्र एका ठरावीक प्रकारचं गणित करणारं. हे नवं मात्र, ज्या सूचना द्याल त्याप्रमाणे काम करणार होतं. संख्या ठेवायच्या जागेला त्यांनी कोठार आणि आकडेमोड करायच्या जागेला गिरणी अशी कापड धंद्यातली नावं दिली. सूचना देण्यासाठी त्यांनी जॅकार्डच्या मागाची युक्ती उचलली. फ्रान्समध्ये जॅकार्डने छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी मागावर नक्षी विणायची पद्धत बसवली होती. पत्त्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. बॅबेज यांनी त्यात दोन सुधारणा योजल्या. एक म्हणजे कोणती क्रिया करायची याचे पत्ते वेगळे आणि कोणत्या स्तंभातली संख्या घ्यायची याचे वेगळे. दुसरी म्हणजे क्रियांच्या पत्त्यांची माळ उलटी फिरवून मागे आणता येईल, म्हणजे तेच पत्ते पुन्हा वापरता येतील. लूपचं बीज या दुसऱ्या सुधारणेत आहे.

१८४० साली बॅबेज यांनी इटलीत ट्यूरिनला या यंत्राविषयी माहिती दिली. तिथे असलेले लुइजी मेनाब्रेआ यांनी त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला आणि तो ऑक्टोबर १८४२ मध्ये जिनिव्हाच्या मासिकात आला. हेच मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. चार्ल्स व्हीटस्टोन यांच्या सूचनेवरून एडाने त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं. तेव्हा बॅबेज यांनी सुचवलं की नुसतं भाषांतर कशाला, स्वतःच्या टिपाही जोड. एडाने ए ते जी अशा सात टिपा लिहिल्या. मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट मजकूर झाला! ऑगस्ट १८४३ मध्ये तो छापून आला. खाली पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची, तीन मुलांची आई होती.

आता या टिपांत काय होतं ते पाहू, कारण आपला विषय तोच आहे.

पाचव्या टिपेत, म्हणजे टीप ई मध्ये, तिने पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रियांच्या गटाला चक्र म्हटलं. पुढे जाऊन चक्राच्या आत चक्र असू शकतं, त्याच्याही आत आणखी असू शकतं, आणि अशी किती चक्रं एकात एक आहेत त्यावरून त्यांची पायरी ठरवता येते, असं मांडलं. ते थोडक्यात लिहून दाखवण्यासाठी चिन्हंही वापरली. आज आपण ज्याला नेस्टेड लूप म्हणतो, ते हेच.

सहाव्या टिपेत त्याचं उदाहरण आहे. शाळेत आपण दोन अज्ञात संख्यांची दोन समीकरणं सोडवली आहेत. एकातला सहगुणक दुसऱ्याला गुणायचा, दुसऱ्यातला पहिल्याला, आणि वजा करायचं. दोन गुणाकार आणि एक वजाबाकी केली की नव्या समीकरणातली एक संख्या मिळते. एडाने दहा समीकरणं आणि दहा अज्ञात संख्या घेतल्या. त्यातली एक अज्ञात काढून टाकली की नऊ समीकरणं उरतात आणि प्रत्येकात दहा संख्या असतात: नऊ सहगुणक आणि बरोबरच्या चिन्हापलीकडची एक. म्हणजे तो तीन क्रियांचा गट नव्वद वेळा करायचा. पुढची अज्ञात काढताना आठ समीकरणं आणि नऊ संख्या, म्हणजे बहात्तर वेळा. मग छप्पन्न, बेचाळीस, तीस, वीस, बारा, सहा आणि दोन. बेरीज करून पाहा, बरोबर ३३० येते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे एकात एक असे तीन लूप आहेत. सगळ्यात बाहेरचा कितवी अज्ञात काढतोय ते मोजतो, मधला कितवं समीकरण ते, आणि सगळ्यात आतला त्या समीकरणातली कितवी संख्या ते. प्रत्येक फेरीला मधला आणि आतला लूप एकेकाने आखूड होतात. रांगोळीच्या ओळी आठवल्या ना? आणि करायचं काम काय, तर तेच दोन गुणाकार आणि एक वजाबाकी. क्रियांचे पत्ते फक्त तीन. बदलतात ते स्तंभ सांगणारे पत्ते. काम एकदाच सांगायचं आणि ते कोणावर करायचं एवढंच दर वेळी बदलायचं, हे ज्याला कळलं त्याला नेस्टेड लूप कळला.

सातवी टीप सगळ्यात प्रसिद्ध. बर्नोली संख्या नावाच्या अपूर्णांकांची एक माळ असते. पुढची संख्या काढायची तर आधीच्या सगळ्या लागतात. तिच्या मांडणीतल्या पहिल्या तीन संख्या एक षष्ठांश, उणे एक तीसांश आणि एक बेचाळिसांश. चौथी संख्या यंत्र कशी काढेल याचा तिने पंचवीस ओळींचा तक्ता केला. पेन्सिलीने लिहिलेल्या तक्त्यावर शाई फिरवायला नवऱ्याने मदत केली. या तक्त्यातल्या तेरा ते तेवीस या अकरा ओळी दोनदा करायच्या आहेत. म्हणजे ओळी पंचवीस, पण प्रत्यक्ष क्रिया छत्तीस. शेवटच्या ओळीत संख्येचा क्रमांक एकाने वाढवायचा, काही स्तंभ पुन्हा शून्यावर आणायचे आणि पहिल्या ओळीपासून सगळं परत. पाचव्या संख्येला मधल्या अकरा ओळी तीनदा, सहाव्या संख्येला चारदा. ही रांगोळी उलटी, ठिपके वाढत जाणारी. आणि मुलं जे विसरतात ते, म्हणजे नवी फेरी सुरू करण्याआधी मोजणी मूळ जागी आणणं, तिने १८४३ साली लिहून ठेवलं आहे.

छापील तक्त्याच्या चौथ्या ओळीत एक भागाकार उलटा पडला आहे. तक्ता जसाच्या तसा चालवला तर उत्तर चुकतं. पण तो चालवून बघायला यंत्र होतं कुठे? ॲनालिटिकल इंजिन कधी पूर्ण बांधलंच गेलं नाही. हजारो पौंड खर्चूनही पहिलं यंत्र अपुरं राहिल्यामुळे सरकारने १८४२ साली हात झटकले होते. जे यंत्र नाही त्याच्या पोटात कोणत्या क्षणी कोणत्या स्तंभात कोणती संख्या असेल, हे तिने फक्त डोक्यात आणि कागदावर चालवून पाहिलं. मुलांनाही हाच उपाय सांगावा. कागदावर दोन रकाने आखा, एक बाहेरच्या मोजणीचा आणि एक आतल्या, आणि प्रत्येक पायरीला दोन्ही लिहा. पाच मिनिटांत चूक कुठे आहे ते सापडतं.

हे श्रेय नक्की कुणाचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. बॅबेज यांनी त्याआधीच यंत्रासाठी काही छोटे प्रोग्रॅम मांडले होते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं आहे की बर्नोली संख्यांचं बीजगणित एडाचा त्रास वाचावा म्हणून आपण करून दिलं, आणि त्यात आपली मोठी चूक एडानेच पकडली. यंत्र त्यांचंच होतं, यात शंका नाही. पण चक्रातल्या चक्राची इतकी स्वच्छ मांडणी छापून जगापुढे आली ती एडाच्या टिपांतून. आणि यंत्र संख्यांच्या पलीकडे, नियमात बसवता आलं तर संगीताचीही रचना करू शकेल, हे तिला दिसलं होतं.

टिपा छापताना दोघांचं भांडणही झालं. सरकारवर टीका करणारा मजकूर बॅबेज यांना निनावी जोडायचा होता. एडाने ठाम नकार दिला. तिने पुढच्या कामाची व्यवस्था आपल्या हाती द्यावी असं सुचवलं, ते बॅबेज यांनी मानलं नाही. मैत्री पुन्हा जुळली, पण एकत्र काम पुढे गेलं नाही.

शेवटची वर्षं हलाखीची गेली. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचा नाद लागला, हजारो पौंड गेले, घराण्याचे दागिने गहाण पडले. त्यात गर्भाशयाचा कर्करोग झाला. डॉक्टरांकडे वेदनेवर अफूशिवाय फारसं काही नव्हतं. चार्ल्स डिकन्स यांनी आजारपणात येऊन तिला आपल्या कादंबरीतला भाग वाचून दाखवला होता. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. वडीलही छत्तिसाव्या वर्षीच गेले होते. जिवंतपणी ज्यांची भेट झाली नाही, त्या वडिलांशेजारी आपल्याला पुरावं अशी तिची इच्छा होती. त्याप्रमाणे नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉल गावच्या चर्चमध्ये तिचं दफन झालं.

तिच्या टिपा शंभर वर्षं जवळजवळ विसरल्या गेल्या. १९५३ साली कॉम्प्युटरवरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्या पुन्हा छापल्या गेल्या, तेव्हा खरेखुरे कॉम्प्युटर नुकतेच चालू झाले होते आणि वाचणाऱ्यांना त्यात आपलंच काम दिसलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने करून घेतलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेला एडा हे नाव मिळालं. तिच्या मानकाला मंजुरी मिळाली १० डिसेंबर १९८० रोजी, एडाच्या वाढदिवशी, आणि क्रमांक दिला १८१५, तिचं जन्मवर्ष. बॅबेज यांच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा आकडेमोड करणारा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली त्यांच्याच आराखड्यांवरून बांधला, आणि तो बिनचूक चालला. ॲनालिटिकल इंजिन मात्र अजून कागदावरच आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना, किंवा सुट्टीत इकडे येणाऱ्यांना, लंडनमधल्या सेंट जेम्स स्क्वेअरच्या बारा नंबरच्या घरावर एडाच्या नावाची निळी पाटी पाहता येईल. मुलांना जरूर दाखवा. विशेषतः गणित आपल्याला जमत नाही असं मनात घेतलेल्या मुलींना.

आणि जाता जाता बालगोपाळांसाठी एक कोडं. दहाऐवजी चार समीकरणं आणि चार अज्ञात संख्या घेतल्या, तर तो तीन क्रियांचा गट किती वेळा करावा लागेल? कागद-पेन्सिल घ्या, दोन रकाने आखा आणि मोजा. उत्तर वीस आलं तर तुम्हाला चक्रातलं चक्र समजलं. नाही आलं तर आजीबरोबर बसून एकदा पाढे म्हणा आणि परत करून पाहा.